मंजिष्ठेचा रंग आणि गालांवरचे वांग

सोलापुरातल्याच अशोक चौक परिसरातून एका भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे वय ३४, त्या प्राथमिक शाळेत शिकवतात आणि रोज दुपारच्या उन्हात स्कूटीवरून घरी परततात. पहिल्या बाळंतपणापासून त्यांच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी वांग उठले आहेत. ओळखीच्या मेडिकल दुकानातून घेतलेली एक क्रीम त्यांनी सात-आठ महिने लावली. सुरुवातीला चेहरा झपाट्याने उजळला. मात्र क्रीम थांबवली की डाग पूर्वीपेक्षा गडद होतात, पुरळ उठते आणि उन्हात गेले की चुरचुरते. हे पाहून मावशींनी ‘रक्तशुद्धीसाठी मंजिष्ठा घे’ असे सुचवले. तेव्हापासून गेले दहा दिवस त्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेले सुटे चूर्ण सकाळ-संध्याकाळ मोठा चमचा भरून घेत आहेत. चार दिवसांपासून लघवी तांबूस होऊ लागल्याने त्या घाबरल्या आहेत. सासूबाई म्हणतात, पोटात घेऊ नकोस, मधात कालवून तोंडाला लाव. सासऱ्यांचे आयुष्य सूत रंगवण्याच्या कामात गेले असल्याने त्यांचा प्रश्न निराळाच आहे: ‘जी मुळी सूत रंगवते, ती रक्त कसे धुणार?’ डिसेंबरात दिराचे लग्न आहे, तोपर्यंत चेहरा स्वच्छ व्हावा अशी त्यांची इच्छा आहे. पत्राच्या अगदी शेवटी, दुसऱ्या बाळाचा विचार सुरू असल्याचे त्यांनी एका ओळीत लिहिले आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

जी गोष्ट तुम्ही पत्रात सर्वांत शेवटी लिहिलीत, तिच्यापासूनच मला सुरुवात करावी लागेल. बाळाचा विचार असेल तर मंजिष्ठेचे चूर्ण आजपासून पोटात घेऊ नका. ही मुळी पाळी मोकळी करणारी म्हणून परंपरेने ओळखली जाते आणि अडलेल्या पाळीसाठी व बाळंतिणीसाठी वैद्य तिचा उपयोग करत आले आहेत. म्हणूनच गर्भारपणात, किंवा गर्भ राहण्याची शक्यता असताना, ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. दहा दिवस घेतले म्हणून फार मोठे काही बिघडले असेल असे समजून जिवाला घोर लावून घेऊ नका. परंतु या महिन्यात पाळी लांबली असेल तर आधी घरच्या घरी गर्भचाचणी करा आणि पुढच्या तपासणीच्या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांना या चूर्णाविषयी आवर्जून सांगा.

आता लघवीच्या रंगाविषयी. मंजिष्ठेच्या मुळातली रंगद्रव्ये शरीरातून बाहेर पडताना लघवीला तांबूस किंवा गुलाबीसर छटा देतात. बीट खाल्ल्यावर काही जणांच्या बाबतीत होते, त्यातलाच हा प्रकार. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी एका तरुणाला मंजिष्ठेचा काढा दिला होता आणि ही गोष्ट सांगायला विसरलो होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे तो भावाला सोबत घेऊन, चेहरा पांढराफटक पडलेल्या अवस्थेत दारात उभा राहिला, कारण त्याची खात्रीच झाली होती की आपल्या मूत्रपिंडातून रक्त जात आहे. दोष माझा होता. तेव्हापासून मंजिष्ठा देताना हे वाक्य मी औषधाच्या आधी उच्चारतो.

तरीही तुमच्या बाबतीत ‘हा मुळीचाच रंग आहे’ असे मी पत्रावरून ठरवून टाकणार नाही, कारण लघवीतून खरोखर रक्त जात असले तरी ते पुष्कळदा असेच, कसलेही दुखणे नसताना दिसते. उद्या सकाळी जवळच्या प्रयोगशाळेत लघवीची साधी तपासणी करून घ्या आणि नमुना देताना मंजिष्ठा घेत असल्याचे सांगा. रंगामुळे तपासणीच्या कागदी पट्टीवरचा निष्कर्ष फसवा येऊ शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसतात की नाही, यावरच खरे काय ते कळते. चूर्ण बंद केल्यावर तीन-चार दिवसांत रंग पूर्ववत व्हायला हवा. तो झाला नाही, किंवा जळजळ, ताप, कंबरेत कळ, पायांवर अथवा डोळ्यांखाली सूज यांपैकी काहीही दिसले, तर अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

मात्रेविषयीही बोलायला हवे. वाळलेल्या चूर्णाची प्रौढांसाठीची नेहमीची मात्रा दिवसाला साधारण दोन ते चार ग्रॅम असते. जेवणाचा मोठा चमचा शीग लावून भरला तर एका वेळेलाच पाच-सहा ग्रॅम होतात, म्हणजे तुम्ही दिवसाला दहा-बारा ग्रॅम घेत होता. ‘वनस्पतीच तर आहे, जास्त झाली तरी काय बिघडते’ हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि वैद्यांच्या निम्म्या डोकेदुखीचे मूळ तोच आहे.

तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न मला फार आवडला. आपल्या गावाने सूत, रंग आणि चादर यांवर पिढ्यान्‌पिढ्या संसार केले आहेत, तेव्हा हा प्रश्न सोलापुरातच विचारला जावा हे साहजिक आहे. माझ्या मेजावर आत्ता मंजिष्ठेचे दोन तुकडे ठेवले आहेत. एक पेन्सिलीपेक्षा किंचित बारीक, गोलसर, वरून तपकिरी-तांबूस, सालीचे पापुद्रे सुटलेला; मोडला की आत विटकरी लाल दिसतो आणि ओल्या बोटाने चोळला की बोटावर रंग सोडतो. ही खरी मुळी. दुसरा तुकडा हलका असून त्याला चार कडा आहेत, आणि आतला रंग फिका आहे. ते वेलीचे खोड. मंजिष्ठेचे खोड चौकोनी असते, पाने चार-चारच्या मंडलात येतात आणि अंगावर उलटे वळलेले बारीक काटे असतात, ज्यांच्या आधाराने वेल दुसऱ्या झुडपांवर चढते. ही वेल हिमालयात आणि सह्याद्रीच्या डोंगरांत वाढते. आपल्या कोरड्या माळरानावर ती नाही, म्हणून इथे येणारा सगळा माल बाहेरचा असतो आणि त्यात मुळांबरोबर खोडांचे तुकडे सर्रास मिसळलेले असतात. एकदा चूर्ण झाले की मूळ कोणते आणि खोड कोणते, हे डोळ्यांना कळत नाही.

या मुळीत पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन नावाची रंगद्रव्ये असतात. दुसऱ्याचे नावच मंजिष्ठेवरून पडले आहे. ही द्रव्ये नुसत्या सुतावर नीट टिकत नाहीत. सूत आधी तुरटीच्या पाण्यातून काढले की तुरटीतल्या अॅल्युमिनियमला ती घट्ट बिलगतात आणि मग रंग धुतला तरी जात नाही. सासऱ्यांना हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. संस्कृत साहित्यशास्त्रात तर प्रेमाचे प्रकार रंगांवरून सांगताना, करडईच्या फुलांचा रंग दिसतो सुंदर पण उडून जातो, आणि मंजिष्ठेचा रंग शोभतोही आणि टिकतोही, असा भेद केला आहे. १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेच्या युरोपीय भावंडातले अॅलिझरिन हे द्रव्य डांबरापासून कृत्रिम रीतीने तयार केले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तिकडची या मुळीची शेती मोडीत निघाली.

धातूला बिलगण्याचा हा गुण शरीरातही दिसतो. १७३६ साली लंडनमधील शल्यचिकित्सक जॉन बेल्शियर एका कापड छापणाऱ्याच्या घरी जेवायला गेले असता त्यांना डुकराच्या मांसातली हाडे लाल दिसली. चौकशी केल्यावर कळले की रंगाच्या कढईत वापरून झालेला कोंडा त्या डुकरांना खाऊ घातला जात होता. त्या युरोपीय मुळीचा रंग हाडांतल्या कॅल्शियमला चिकटला होता. हे सांगण्याचा उद्देश भीती घालण्याचा नाही. पोटात घेतलेली मुळी नुसती पोटातून जाऊन बाहेर पडत नाही, तिची द्रव्ये रक्तातून अंगभर फिरतात, एवढेच मला दाखवायचे आहे. आणि अशी वस्तू चमच्याच्या अंदाजाने घेण्याची नसते.

मग सासऱ्यांचे म्हणणे बरोबर का? निम्मे बरोबर. कपडा धुतल्यासारखे रक्त कोणतीच मुळी धूत नाही. ते काम मूत्रपिंडे आणि यकृत अहोरात्र करतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत घेतात. आयुर्वेदात ‘रक्तदुष्टी’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ रक्तात कचरा साठला असा नाही. पित्त वाढल्यामुळे रक्ताचे जे गुण बिघडतात आणि त्यातून दाह, लाली, पुरळ, व्रण अशी लक्षणे दिसतात, त्या अवस्थेचे ते नाव आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तिची कारणे दिली आहेत: अति खारट, आंबट, तिखट खाणे, मद्य, भरल्या पोटी दिवसा झोपणे, ऊन आणि आगीजवळ फार वेळ राहणे, राग. शरद ऋतूत तर ऋतूच्या स्वभावानेच रक्त बिघडते, असेही तिथे म्हटले आहे. तुमचे पत्र ऑक्टोबरमध्ये आले आहे, आणि ऑक्टोबरची सोलापुरातली दुपार ज्याने अंगावर घेतली आहे त्याला हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही. (शेंगाचटणी सोडा असे मी म्हणणार नाही. सोलापुरात राहून ते मलाही जमलेले नाही.)

त्याच चरकसंहितेत दहा-दहा औषधांचे पन्नास गट आहेत आणि त्यांतल्या तीन गटांत मंजिष्ठा येते: ज्वर कमी करणारा, विषाचा परिणाम घालवणारा आणि ‘वर्ण्य’. वर्ण्य म्हणजे गोरे करणारे, असा अर्थ हल्ली पाकिटांवर छापला जातो. वर्ण्य म्हणजे ज्याचा जो मूळ वर्ण असेल तो निरोगी आणि तेजस्वी ठेवणारे. तुमचा वर्ण सावळा असेल तर सावळाच, पण एकसारखा आणि सतेज, एवढेच त्या शब्दाचे वचन आहे. आधुनिक प्रयोगशाळांतही या मुळीच्या अर्कात दाह कमी करण्याचे आणि काही जंतूंना रोखण्याचे गुण दिसले आहेत; परंतु वांगावर ती किती चालते हे ठामपणे सांगण्याइतक्या मोठ्या चाचण्या माणसांवर झालेल्या नाहीत. माझा अनुभव विचाराल तर लाली, खाज आणि दाह असलेल्या त्वचाविकारांत, योग्य रुग्णाला, इतर औषधांच्या जोडीने दिलेली मंजिष्ठा चांगले काम करते. एकट्या मंजिष्ठेने वांग गेल्याचे मी फारसे पाहिलेले नाही.

आणि तुमच्या चेहऱ्याचा आजचा प्रश्न मुळात रक्ताचा नाहीच, तो त्या क्रीमचा आहे असे मला वाटते. पहिल्या पंधरा दिवसांत झपाट्याने उजळणे, थांबवताच दुप्पट काळे पडणे, पुरळ आणि उन्हात चुरचुर, हे सगळे एकत्र वाचले की क्रीममध्ये स्टेरॉईड असल्याची दाट शंका येते. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टेरॉईड आहे. अनेकदा त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असते. ही औषधे मुळात वाईट नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ ती मोजक्या आठवड्यांसाठी देतात. सात-आठ महिने रोज चेहऱ्यावर लावली तर मात्र त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि त्वचा त्या औषधावाचून राहीनाशी होते. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉईड असलेली अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत अशा औषधांच्या यादीत घातली. तुम्हाला ती चिठ्ठीवाचून मिळाली याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. गोरेपणाच्या नावाने काउंटरवर काय काय सरकवले जाते, हे आपण सगळे पाहतो.

ही क्रीम पुन्हा सुरूही करू नका आणि तिच्या जागी मनाने दुसरी कोणतीही लावू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ते कदाचित पायरीपायरीने सुटका करतील, कारण एकदम थांबवल्यावर चेहरा काही आठवडे लाल होऊन भडकू शकतो, आणि नेमक्या त्याच वेळी घाबरून माणसे परत ट्यूब हातात घेतात. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये त्वचा विभागाची बाह्यरुग्ण तपासणी असते. ट्रेटिनॉइनचा उल्लेख मी आणखी एका कारणासाठी केला: बाळाचा विचार असताना तेही वापरायचे नसते. म्हणजे त्या एका ओळीमुळे तुमची दोन्ही औषधे, पोटातले आणि तोंडावरचे, एकाच दिवशी बाजूला ठेवावी लागत आहेत.

सासूबाईंच्या सल्ल्याला मात्र ग्रंथाचा आधार आहे, हे त्यांना जरूर सांगा. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात व्यंगावर, म्हणजे आपल्या वांगावर, मंजिष्ठा मधातून लावायला सांगितली आहे. ‘वांग’ हा शब्दही त्या ‘व्यंग’वरूनच आलेला. तरीपण आज, त्वचा अशी हुळहुळी झालेली असताना, कोणताच लेप लावू नका. तज्ज्ञांच्या उपचारांनी चुरचुर आणि लाली पूर्ण शांत झाल्यावर, त्यांना विचारून, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून एक दिवस वाट पाहा. खाज किंवा चट्टा उठला नाही तरच आठवड्यातून दोनदा, वस्त्रगाळ चूर्ण आणि मध एकत्र करून दहा-पंधरा मिनिटे लावा आणि वाळून ताणण्याआधी साध्या पाण्याने धुवा. घासून काढू नका, त्यात लिंबू पिळू नका, आणि पुसायला जुना पंचा घ्या, कारण पांढऱ्या टॉवेलवर पडलेला हा रंग तुमच्या सासऱ्यांनाही काढता येणार नाही.

चूर्ण घ्यायची वेळ आलीच तर सुटे घेऊ नका. पाकिटावर आयुर्वेदिक औषध असल्याचा उल्लेख, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारखा आणि वनस्पतीचे शास्त्रीय नाव रुबिया कॉर्डिफोलिया, एवढे पाहा. रुबिया टिंक्टोरम हे नाव असेल तर परत करा. ते युरोपीय भावंड आहे आणि त्यातल्या ल्युसिडिन या द्रव्यामुळे ते पोटात घेण्यास योग्य मानले जात नाही. घरी चिमूटभर चूर्ण काचेच्या पेल्यात कोमट पाण्यात टाकून अर्धा तास ठेवले तर पाणी हळूहळू पिवळसर-तांबूस होते आणि त्यात धुण्याचा सोडा टाकला की रंग गडद लालीकडे झुकतो. पाणी जवळजवळ स्वच्छ राहून तळाशी लाल गाळ बसला, तर त्यात मुळीपेक्षा दुसरेच काही जास्त आहे असे समजावे. हा प्रयोग निर्णायक नाही, सोड्याने हळदही लाल होते. पण तुमच्याकडे उरलेल्या पुडीवर करून पाहायला हरकत नाही.

महामंजिष्ठादि काढा किंवा अरिष्ट तयार मिळते, ते घेऊ का, असा प्रश्न तुमच्या मनात येईलच. नको. त्यात मंजिष्ठेसह पुष्कळ औषधे असतात, अरिष्टात आंबवण्यातून तयार झालेले मद्यार्कही असते, आणि बाळाचा विचार असताना दोन्ही टाळायचे आहेत.

वांगाला खरोखर जे लागते ते फार साधे आहे आणि म्हणूनच कोणी मनावर घेत नाही. गर्भारपणातल्या संप्रेरकांनी रंगपेशी जाग्या होतात आणि त्यानंतर ऊन त्यांना झोपू देत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर त्याही वांग वाढवतात, तेव्हा डॉक्टरांना ते सांगा. चेहऱ्यावर स्टोल बांधून तुम्ही स्कूटी चालवत असालच, पण पातळ ओढणीतून ऊन आत येते. घट्ट विणीचा सुती स्टोल घ्या, आणि त्याखाली किमान एसपीएफ ३० चे, शक्यतो त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन लावा. त्या छटेतील आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवते, आणि वांग त्या प्रकाशानेही वाढतो. सकाळी शाळेला निघताना एकदा लावणे पुरत नाही. दुपारी परतण्याआधी, घाम टिपून, पुन्हा लावा. चुलीसमोर किंवा तव्यासमोर तास-दीड तास कडक भाकरी थापत असाल तर तीही उष्णता मोजायला हवी. सणासुदीला ते काम वाटून घ्या.

डिसेंबरातल्या लग्नाविषयी खोटी आशा दाखवणार नाही. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात आणि रंगातला फरक दिसायला दोन-तीन महिने सहज जातात. आपल्या हातात जेमतेम दोन महिने आहेत. तोवर लाली आणि पुरळ शांत होईल असे धरून चालू या. वांग राहतील, थोडे फिके होतील. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ब्लीच किंवा नवे फेशियल करून घेण्याचा आग्रह घरात होईल, तो तेवढा मोडून काढा.

आयुर्वेदाचेच उपचार हवे असतील तर वाट बंद नाही. शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयासारखी जुनी संस्था आपल्या गावातच आहे. तिथे नाडी, पाळी, पोट, झोप हे सगळे विचारून, बाळाचा विचार लक्षात घेऊन औषध ठरवले जाईल. जाताना पिशवीत उरलेली पुडी आणि क्रीमची ट्यूब, दोन्ही असू द्या, आणि त्वचारोगतज्ज्ञांकडेही तीच पिशवी न्या. लघवीचा अहवाल आणि ट्यूबवरची नावे मला कळवा, म्हणजे पुढचे त्यावरून लिहीन.